काकांच्या मागचं चित्र

मावशीचं चित्र शेवटी सापडलं. पण हे तूर्तास विसरा, कारण आम्ही अजून शोधतोय.

मावशीने तरुणपणी बंदराचं एक चित्र काढलं होतं. ते प्रदर्शनात कुणीतरी विकत घेतलं. तेव्हापासून तिचं प्रत्येक नवं चित्र 'त्याच्या पासंगालाही पुरत नाही'. हे तीच म्हणते. ते खरंच इतकं चांगलं होतं का, हे तिला एकदा बघायचं होतं. आमच्याकडे त्याचा एकच फोटो, त्यात ऐन मधोमध काका उभे. आमच्याकडे चित्राचा फोटो काढत नाहीत, चित्रासमोरच्या माणसाचा काढतात.

फोटोवरून चित्र शोधणारं एक ॲप असतं. त्याला फोटो दाखवला. त्याने चौकड्यांचे शर्ट दाखवले.

"शर्ट नको," मावशी म्हणाली. "तो आहे अजून. हे टाकू देतात कुठे."

काकांना कापून उरलेला कोपरा दाखवला. ॲप म्हणालं, बाथरूमच्या टाइल्स.

"रंग बरा आहे," काका म्हणाले. "कशा दिल्या?"

"काका, तेव्हा जरा बाजूला उभं राहायला काय झालं होतं?"

"फोटो माझा होता."



शेवटी मावशीने फोटोची मोठी प्रिंट घेतली आणि काकांच्या अंगावरच आठवेल तसं बंदर रंगवलं. शिडं, पाणी, धक्क्यावर एक पाठमोरी बाई. काका शेजारी बसून स्वतःला नाहीसं होताना बघत होते.

"कान राहू दे," एवढंच म्हणाले.

कान राहिला. तरी ॲपने चित्र शोधलं: एका दातांच्या दवाखान्याच्या जाहिरातीत, वेटिंग रूमच्या भिंतीवर.

आम्ही गेलो. मावशी चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली.

"बाई कुठाय?" मी विचारलं.

"काढलीच नव्हती वाटतं." ती खुर्चीत बसली. "हे तर साधारणच आहे रे. परवाचं माझं चांगलं आहे."

"मग झालं तर. चला घरी."

पण तिने पर्समधून ब्रश काढला होता. डॉक्टर बाहेर आले. "अहो आजी, ते माझं चित्र आहे."

"अर्धवट आहे," मावशी म्हणाली.

त्यांनी आम्हाला बाहेर काढलं. घरी येऊन तिने मला अर्ज लिहायला बसवलं, तो असा:

सदर चित्रात एक पाठमोरी बाई राहून गेली आहे. तरी ती रंगवून वाळेपर्यंत आपला दवाखाना बंद ठेवावा, व परिसरातील नागरिकांनी तोवर आपापली दातदुखी स्थगित करावी, ही नम्र विनंती.