उपाशीपोटी, नुसत्या पाण्यासोबत

संग्रामपुरात माझं मेडिकल आहे. बी. फार्म. झाल्यापासून मी त्या काउंटरमागे बसते आणि औषध कसं घ्यायचं हे सांगून सांगून माझा घसा बसलाय. जेवणाआधी म्हटलं की लोक जेवणानंतर घेणार, पाच दिवस म्हटलं की दोन दिवसांत बंद करणार. नियम मोडणाऱ्या माणसांची मला चीड येते. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जो नियम मोडला गेला तो मीच मोडला.

माझ्या आईला आमवात होता. कौशल्याबाई म्हटलं की आमच्या गल्लीतली माणसं जरा जपून बोलत, असं तिचं तोंड. भाजीवाल्याशी भांडण, शेजारणीशी भांडण, माझ्याशी तर जेवणाआधी आणि जेवणानंतर. वडील गेल्यापासून घरात आम्ही दोघीच, त्यामुळे माझ्या वाट्याला जरा जास्तच यायचं. पण हाताला चव आणि सफाई अशी की लग्नघरी काडीवर रव्याचे सरगुंडे वळायला तिलाच बोलावणं यायचं. सहा वर्षांत त्याच हाताची बोटं आल्याच्या गड्ड्यासारखी झाली. सकाळी तिला कपाचा कान धरता येत नव्हता. वेण्या मी घालून द्यायची, आणि त्या वाकड्या घातल्या म्हणून शिव्याही खायची.

खामगावच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून दुखण्याच्या गोळ्या बंद केल्या. किडनीवर ताण येतोय म्हणाले. आमच्या खारपाण पट्ट्यात खाऱ्या पाण्यानं किडन्या जातात, त्यामुळे या शब्दाची घरोघर धास्ती आहे. आईनं गोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि त्या दिवसापासून ती भिंतीकडे तोंड करून कण्हायला लागली. मला ते ऐकवत नव्हतं.

म्हणून मी सोनाळ्याच्या पुढे, पहाडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या मंजुळाबाईकडे गेले. ही म्हातारी सालईच्या झाडाचा डिंक देते. सालईचा डिंक सूज उतरवतो हे मी कॉलेजात शिकले होते, त्यामुळे मला त्यात अंधश्रद्धा वाटत नव्हती. तिनं पिवळट खड्यांची पूड कागदात बांधून दिली.

"सकायी उपाशीपोटी, नुसत्या पान्यासंगं. चिमूटभर. तूप नाही, तेल नाही, दूध नाही. मंग दोन घंटे पोटात काहीच जाऊ द्याचं नाही."

"काऊन मावशी? तुपासंगं देल्लं त जास्त लागू पडन ना."

"हाव. म्हनूनच नाही द्याचं." तिनं माझ्याकडे निरखून पाहिलं. "सूज म्हंजे घरचं कुत्रं हाये, पोरी. लय भुंकते म्हनून आपन दगड मारतो. मारून टाकत नाही. जे अंगातून निंघून जाते ते जाऊ द्याचं."

मी मान डोलावली आणि परतीच्या बसमध्ये मनातल्या मनात हसले. डिंकातलं जे खरं औषध आहे ते पाण्यात विरघळत नाही. उपाशीपोटी घेतलं तर बहुतेक सगळं आतड्यातून तसंच बाहेर पडतं. चरबी असली तर ते तिच्यासोबत रक्तात शिरतं. वर मिरी दिली तर आणखी चांगलं, कारण आलेलं औषध मोडून टाकणारी जी यंत्रणा आतड्यात आणि यकृतात असते, तिला मिरी थोडा वेळ गप्प बसवते. म्हातारी पिढ्यान्पिढ्या चांगलं औषध वाया घालवत होती. आई कण्हत होती आणि मला शहाणपण सुचलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी चमचाभर गावरान तुपात डिंक आणि मिरपूड कालवून आईला द्यायला लागले.

तीन आठवड्यांत आईची बोटं सरळ झाली. मी रडले, खरंच रडले. तिनं परातीत रवा भिजवला आणि काडीवर भराभरा सरगुंडे वळले. गल्लीतल्या बाया पाहायला आल्या. ज्या शेजारणीशी तिचं चार वर्षं बोलणं नव्हतं, तिलाही आईनं हाताला धरून बसवलं. मला वाटलं, दुखणं गेलं तसा स्वभावही निवळला.

मग एका दुपारी गांधीलमाशी तिच्या दंडावर बसून डसली. मी धावत गेले. आई माशीकडे पाहत होती. दंड लाल झाला नाही, फुगला नाही. माशी पुन्हा डसली. आईनं तिला हाकललंही नाही.

"दुखत नाही का वं, माय?"

"कायले दुखन? बसली बिचारी, बसू दे."

त्या आठवड्यात तिचे पाय चेपताना माझ्या अंगठ्याला काहीतरी टोचलं. तिच्या टाचेत बोटभर लांबीचा, कपाशीच्या पऱ्हाटीचा काटका होता. कधी गेला तिला माहीत नव्हतं. पू नाही, लाली नाही, कातडी काटक्याच्या कडेनं नीट मिटलेली, जणू तो जन्मापासून तिथेच होता. मी ओढला तर निघेना. आई माझ्याकडे पाहून हसत होती, कुणाचे तरी दुसऱ्याचे पाय मी चेपतेय अशी.

दोन दिवसांनी तिचं नख पाहिलं. अंगठ्याच्या नखाखाली मेथीचा दाणा गेला होता. दाण्याला पांढरा कोंब आला होता. मी किंचाळले. ती म्हणाली, "काऊन वरडून राह्यली? त्यालेही जागा पाह्यजे." मी चिमट्यानं दाणा काढला. त्याचं मूळ नखाखालच्या मांसात शिरलेलं होतं आणि ते तुटताना मला हाताला जाणवलं. तिला नाही. तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुपात डिंक कालवला. बोटं सरळ होती ना. मला ती पुन्हा वाकडी पाहायची नव्हती.

होळीच्या आधी एकदा मी दुपारी मेडिकल बंद करून घरी आले, तर स्वयंपाकघरात एक अनोळखी बाई पाटावर बसून जेवत होती. साधारण माझ्या वयाची. अंगात माझा निळा ड्रेस. आई तिला वाढत होती आणि प्रेमानं तिच्या पाठीवरून हात फिरवत होती.

बाई मला पाहून दचकून उठली. "मी बसची वाट पाहून राह्यली होती. मावशीनं आवाज देल्ला. पानी मांगतलं त जेवूच घातलं. कपडेही बदलाले लावले. त्या मले योगिनी म्हनून राह्यल्या. मी दोनदा सांगतलं का माहं नाव राखी हाये, पन त्या ऐकतच नाहीत."

योगिनी मी. मी आईसमोर जाऊन उभी राहिले. "माय, मी कोन?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. राग नाही, ओळख नाही, भीती नाही. गोड हसली. "ये ना, बस. तूही योगिनीच. ताट घेतो तुले." आणि दाराबाहेरून जाणाऱ्या भंगारवाल्याला तिनं तशाच आवाजात हाक मारली, "योगिनी, ये जेवाले."

ती बाई माझा ड्रेस घालूनच पळाली.

मी त्याच दिवशी मंजुळाबाईकडे गेले. तिनं मला पाहून एवढंच विचारलं, "तूप?" मी मान खाली घातली. परकं काय आणि आपलं काय हे अंग आधी ओळखतं, असं ती म्हणाली. तिथूनच ओळख उठली की मग वर डोक्यातही टिकत नाही. "आता समदं बंद कर. दुखनं येईन तवा मायही येईन."

मी बंद केलं. रोज पहाटे मी आईची बोटं दाबून पाहायची. कुठली मुलगी आईला दुखावं म्हणून देवाला हात जोडते? मी जोडले. ती हसत हात पुढे करायची, जसा भाजीवाल्यापुढेही करायची. गार, मऊ, सरळ बोटं. अठरा दिवस असे गेले.

एकोणिसाव्या दिवशी मी बोट दाबलं आणि ती गुरासारखी ओरडली. माझ्या हातावर फटका मारून म्हणाली, "मेली सकायी सकायी जीव घेते काय वं योगिने!" मी तिच्या गळ्यात पडून हमसून रडले. दुपारपर्यंत टाच सुजून लाल झाली. डॉक्टरांनी चीर देऊन काटका काढला तेव्हा तिनं सगळा दवाखाना डोक्यावर घेतला. मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात बोटं पुन्हा आल्याच्या गड्ड्यासारखी झाली. मी मंजुळाबाईच्या नियमानं डिंक दिला. चिमूटभर, उपाशीपोटी, पाण्यासोबत. थोडा आराम पडायचा, थोडाच. रात्री ती कण्हायची.

काल सकाळी मी पेला आणि पुडी घेऊन गेले तर ती उठून बसली होती.

"तुपात दे," ती म्हणाली.

"माय, त्यानं काय होते ते तुले माहीत नाही."

"मले समदं आठवते. लय बरं वाटे. कोनीच परकं नोतं."

"तू मलेही ओयखत नोती."

"मंग? जेवू त घालत होती ना तुले?" तिनं वाकडी बोटं माझ्यापुढे धरली. "तुपात दे, योगिनी."

मी पाण्यातच दिलं. तिनं ते गिळलं, माझ्याकडे नीट ओळखून पाहिलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.