तिन्ही आपलीच

मुलांनो, जरा डोळे मिटा. सोनई गावाच्या पुढे, उसाच्या शेतांना लागून एक जुनी दफनभूमी आहे असं समजा. मार्चचं ऊन आहे. लिंबाखाली तीन लहानशी थडगी आहेत, पांढरीशुभ्र. मधल्या थडग्यापाशी एक म्हातारा गुडघे टेकून पटाशीने चुना खरवडतो आहे. हळू, अगदी हळू. दुधावरची साय काढावी तसा. तुम्ही शेजारीच बसला आहात. श्वाससुद्धा जपून घ्या.

तो म्हातारा म्हणजे शमुवेल. शेजारी होती त्याची नात मोनिका, चौथीतली, आणि मागे छत्री धरून उभे चर्चचे पाळक एडविन.

एडविनच्या मोबाईलवर अमेरिकेतून पत्र आलं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांची एक बाई आपल्या घराण्याचा शोध घेत होती. तिचे पणजोबा इंग्रजांच्या काळात मिशनच्या कामाला या गावी आले होते. त्यांची चार वर्षांची मुलगी, अ‍ॅबी, इथेच पटकीने गेली. बाई आता अंथरुणाला खिळली होती. तिला एवढंच हवं होतं : अ‍ॅबीच्या थडग्याचा, नाव दिसेल असा फोटो.

"तुम्ही तर जन्म इथं काढला, मामा," एडविन म्हणाले. "कोणतं ते ठाऊक असेलच की."

"साहेब जाताना माज्या पणज्याला म्हनला हुता, लेकीकडं बघत जा. तवापासनं दर ईस्टरला चुना देतोय आमी. एक साल चुकलं न्हाई."

"पण अ‍ॅबी कोणती?"

"बाप म्हनायचा, तिन्ही आपलीच. मग कंची कुनाची, ते इचारायचं राह्यलंच बगा."

पटाशीखाली एकेक थर सुटत होता. शमुवेलच्या हातचा, बापाच्या हातचा, आज्याच्या, पणज्याच्या. सगळ्यांत खाली जुना गिलावा होता. तो ओला असतानाच त्यात नाव कोरलेलं. चुना त्या अक्षरांत असा मुरला होता की थराबरोबर गिलावाही निघून आला. शमुवेलच्या तळव्यावर त्याचं पीठ झालं. थडग्यावर उरल्या नुसत्या लाल विटा.

दुसऱ्याचं तेच झालं. तिसऱ्याचंही.

"आजोबा, शाळेत भिंत रंगवताना सर सुविचारावर कागद चिकटवत्यात," मोनिका म्हणाली. "न्हाईतर तो बुजतो."

"आमाला कुनी सांगितलंच न्हाई, बाय. पांढरं दिसलं की झालं, असं वाटायचं."

एडविननी छत्री मिटली. "मामा, मधल्याचा फोटो काढतो. हीच अ‍ॅबी म्हणून लिहितो. म्हातारीला समाधान. ती कुठं बघायला येतेय?"

"आन् मधली दुसऱ्याची निघाली तर? वर गेल्यावर तिच्या आईला काय सांगू, तुजी पोर देऊन टाकली?" शमुवेलने हात झटकले, पण चुना बोटांच्या भेगांत तसाच राहिला. "तिन्हीचा फोटू धाडा. लिवा, नाव आमीच बुजवलं. मायेनं बुजवलं, पर बुजवलं."

एडविननी तसंच लिहिलं. उत्तर आलं नाही.

ईस्टरच्या आदल्या दिवशी ऊन वर आलं तरी शमुवेल खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होता.

"आजोबा, चुना?"

"यंदा न्हाई."

"उद्या समदी येत्याल की."

"न्हाई म्हनलं ना! लई केली राखण. जा, खेळ जा."

मोनिका खेळायला गेली नाही. तिने मडक्यातला गेल्या वर्षीचा भिजवून ठेवलेला चुना घमेल्यात घेतला, कोपऱ्यातला कुंचा घेतला आणि दफनभूमीत गेली. वहीची तीन पानं फाडून पाण्यात बुडवली आणि उघड्या विटांवर, जिथं नाव होतं तिथं, एकेक नीट चिकटवली. मग कुंचा उचलला.

दुपारपर्यंत तिन्ही थडगी पांढरी झाली. मग तिने एकेक पान अलगद सोलून काढलं, आणि प्रत्येक थडग्यावर वहीच्या पानाएवढी लाल जागा तशीच उघडी ठेवली.