माझ्यात ढेकूण नव्हते

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कॉट आहे. हडपसरच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत, खिडकीला लागून माझी जागा आहे. रंग उडालाय, एक पाय किंचित वाकडा आहे. पण माझ्यात ढेकूण कधीही नव्हते. हे आधीच सांगते, कारण पुढे त्यावरून बरंच रामायण घडलं.

इथून जवळच्याच एका वेल्डिंगच्या दुकानात माझा जन्म झाला. घरमालक गोपाळकृष्णकाकांनी मला आणि माझ्या जोडीदार कॉटला विकत आणलं आणि खोली विद्यार्थिनींना भाड्यानं दिली. कितीतरी मुली आल्या आणि शिकून गेल्या. कुणी माझ्यावर बसून परीक्षेची रडारड केली, कुणी ओले टॉवेल वाळत घातले. गंज धरला तो त्या टॉवेलांमुळेच.

मग जिंतूरहून दोघी मैत्रिणी आल्या, दीपमाला आणि पूर्णिमा. पहिलीपासून एका बाकावर बसलेल्या. दीपमालानं मला निवडलं. मी तेव्हा फार करकरायचे आणि पूर्णिमाची झोप अगदी सावध. दर रविवारी पूर्णिमा भाजी आणायला खाली उतरली, की दीपमाला आपल्या डोक्याला लावायचं खोबरेल माझ्या सांध्यांत सोडायची. माझी करकर थांबली. पूर्णिमाला यातलं काही ठाऊक नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय, असं दीपमालाला वाटत असावं. इतकं प्रेम मला कुणी दिलं नाही.

दिवाळीनंतर दीपमालाला वारज्याला इंटर्नशिप मिळाली. हडपसर ते वारजे म्हणजे शहराचं एक टोक ते दुसरं. पोरगी बस बदलून बदलून चिपाड झाली. तिकडेच राहायला जायचं तर करार आडवा आला. ती काकांना विचारायला गेली, तर काका स्वतःच वर आले.

"अकरा महिन्यांचा करार अकरा महिन्यांचाच असतो," ते म्हणाले. "आपल्या जागी दुसरी मुलगी आणा आणि खुशाल जा. मला विरह वगैरे होत नाही."

मग खोली बघायला मुली येऊ लागल्या. दीपमाला कामावर असायची, म्हणून खोली दाखवायचं काम पूर्णिमाकडे. मुली माझ्यावर टेकायच्या, खूश व्हायच्या. तेवढ्यात पूर्णिमा हळूच सांगायची, "कॉटमध्ये ढेकूण आहेत हं. कितीही औषध मारा, जात नाहीत." मुली ताडकन उठायच्या. माझा तर जीव जळायचा! पण त्या गेल्या, की ती माझ्यावर आडवी होऊन दीपमालाच्या उशीत तोंड खुपसायची. तेव्हा मला सगळं कळायचं. तिला मैत्रीण जायला नको होती.

एकदा दीपमाला लवकर परतली आणि ते ढेकूण तिनं दारातून ऐकले.

"कामून सांगितलंस असं?" मुली जाताच तिनं पर्स माझ्यावर आदळली. "माझं चांगलं झालेलं बघवत नाही म्हणून अडकवून ठेवायलीस मला?"

एक वाक्य पुरलं असतं. पूर्णिमाच्या ओठांवर ते आलंही होतं. पण अपमान झोंबला आणि ती म्हणाली, "हो. तसंच समज."

दुसऱ्या दिवशी अवनी नावाची मुलगी आली. आधी येऊन गेलेल्या मुलींकडून ऐकून तिनं ढेकणांचं विचारलं, तेव्हा पूर्णिमा भिंतीकडे बघत म्हणाली, "नाहीत." दीपमाला सामान घेऊन निघाली, त्या वेळी पूर्णिमा मुद्दामच कॉलेजात बसून राहिली. रिकाम्या खोलीत दीपमालानं माझ्या दांड्यावरून हात फिरवला. मी नुसती उभी होते.

आठवड्याभरात मी पुन्हा करकरू लागले.

"ही कॉट भयंकर वाजते यार," एका सकाळी अवनी म्हणाली. "तुला डिस्टर्ब होतं ना?"

"सुरुवातीला वाजायची. मग आपोआप थांबली."

"आधीची तेल घालत असणार. हे बघ, जॉइंटवर ओघळ आहेत."

पूर्णिमा खाली वाकली. ओघळाला बोट लावून तिनं वास घेतला. खोबरेलाची बाटली माझ्या पायाशीच होती. अवनी कॉलेजला गेल्यावर तिनं दीपमालाला फोन लावला. खोलीत इतकी शांतता होती, की पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला.

"तुझी तेलाची बाटली राहिलीय इथं," पूर्णिमा म्हणाली.

"ठेव तुझ्याकडे. इथली कॉट वाजत नाही."

फोन बंद झाला. पूर्णिमानं बाटली उघडली आणि माझ्या सांध्यांत तेल सोडलं. निम्मं फरशीवर सांडलं.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंना अधूनमधून दोन थेंब तेल घालत जा, ओले टॉवेल टाकू नका. आणि आपलं माणूस जायला निघालं, की 'जाऊ नकोस गं' एवढं तोंडानं म्हणा. ते ढेकणांकडून वदवून घेऊ नका.