गरम गाडीतलं भूत

“महाराज, तुमचं भूत सकाळी कुठं जातं हो?”

बडा गणपतीच्या चौकातली गर्दी वळून बघायला लागली. शलाकाच्या मागे सुरभी आणि अनुश्री एकमेकींना चिमटे काढत होत्या. ‘हिंमत असेल तर विचारून दाखव,’ असं त्यांनीच शाळेत म्हटलं होतं. शलाकानं विचारलं खरं, पण शेवटी आवाज चिरकलाच.

समोर तिच्या वडिलांची, अप्पांची, जुनी डिझेल गाडी आजही बंद पडून, बॉनेट उघडून उभी होती. मिल बंद पडल्यावर अप्पांनी ती घेतली आणि सांवेर गावाला सवाऱ्या न्यायला लागले. सकाळी गाडी एका फटक्यात सुरू. पण सांवेरहून तापून आली, जरा थांबली, की मेली! स्टार्टर घरघरायचा, इंजिन काही पेटायचं नाही. भस्मनाथ महाराजांनी निदान केलं: बंद मिलमधला अतृप्त आत्मा गाडीत बसतो. दोनदा त्यांनी कमंडलूतलं मंतरलेलं पाणी ओतलं, लांबलचक मंत्र म्हटला आणि गाडी खरंच सुरू झाली. तेव्हापासून चौकात हार, अगरबत्त्या आणि ‘जय हो, जय हो’.

“सकाळी येत नाही, म्हणजे त्याची काय दुसरी पाळी असते?” शलाकानं पुढं रेटलं.

दोन-तीन जुने मिलवाले फिसकन हसले. महाराजांचे डोळे बारीक झाले.

“हसू नका! ही छोरी बोलत नाहीये. ये वो बोल रहा है! गाडीतून निघून हिच्यात शिरलाय.” ते अप्पांकडे वळले. “गजाननजी, हिची शाळा बंद. आजच मठात आणून सोडा. मिरच्यांची धुरी दिली की कसा बाहेर येतो बघा!”

गर्दी मागं सरली. अनुश्रीनं शलाकाचा धरलेला हात सोडला. एक चेला कोळसे फुलवायला लागला.

“महाराज, लहान आहे हो ती!” गर्दीत उभी असलेली शलाकाची आई रडायला लागली. अप्पा तर शलाकाकडे ओळख नसल्यासारखे बघत होते. आता ती ‘नाही’ म्हणाली, तरी ते भूतच म्हणतंय असं ठरणार होतं.

गाडीचं सगळं तिनं विज्ञानाच्या पद्मजाबाईंना सांगितलं होतं. “पाणी कुठं ओततात ते बघ,” बाई म्हणाल्या होत्या. “माझा अंदाज आहे गं, खात्री नाही. एकदा साधं पाणी ओतून बघ.” आणि महाराज दोन्ही वेळा नेमके एकाच जागी ओतत होते. इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर.

शलाका धावली. कोपऱ्यावरच्या प्याऊची, म्हणजे पाणपोईची, भरलेली बादली उचलली आणि पंपावर रिकामी केली. भस्सकन वाफ उठली.

“अप्पा, चाबी फिरवा!”

अप्पांनी भांबावून फिरवली. घर्र... घर्र... काही नाही.

“देखा?” महाराज गरजले. चेल्यानं तिचं मनगट पकडलं.

आणि मग तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: महाराज तरी ओतल्याबरोबर कुठं चाबी फिरवू देतात? मंत्र संपेपर्यंत थांबवतातच ना!

“सुरभी, अजून पाणी आण!” ती ओरडली आणि पाठ होतं ते म्हणत सुटली, “एकोणतीस एके एकोणतीस! एकोणतीस दुणे अठ्ठावन्न!” सुरभीनं बादलीमागून बादली ओतली. एकोणतीस संपला, तीस झाला, मग बावीस, तेवीस, सुचेल तो पाढा. चेल्याची पकड घट्ट होत होती.

“अप्पा, आता! एकदाच!”

अप्पांनी महाराजांकडे पाहिलं. मग लेकीकडे. आणि चाबी फिरवली.

गाडी धडधडत उठली.

“पाढ्यानं भूत पळालं की काय, भिया?” एक मिलवाला शेजारच्याला पुटपुटला.

“भूत नव्हतंच, काका! बाईंचा अंदाज खरा निघाला, पंप झिजलाय. डिझेल तापलं की पातळ होतं, झिजलेल्या पंपातून आतल्या आत निसटतं, इंजिनाला पुरेसं पोचत नाही. पंप निवला की डिझेल पुन्हा दाट, गाडी सुरू. मंत्र म्हणजे नुसता निवायला दिलेला वेळ! पण पाण्यानं गाडी चालू होते, बरी होत नाही. पंप दुरुस्तच करायला हवा. आणि काका, कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी एकदा स्वतः करून बघा ना!”

महाराज कमंडलू सावरत गर्दीतून वाट काढायला लागले. चेल्यानं मनगट सोडलं. त्यावर बोटांचे लाल वळ उठले होते. आईनं ते पदरानं पुसायला घेतले.

“आई, अप्पा, ऐका,” शलाका म्हणाली. “मला भीती वाटली. अजून वाटतेय. पण मठात मी जाणार नाही. उद्या शाळेत जाणार आणि प्रार्थना झाली की सगळ्यांना हा पंप दाखवणार. अप्पा, गाडी तुम्ही आणायची. चांगली तापवून!”