घडी घातलेल्या खुर्चीचं माप

मी एक जुनी चाकांची खुर्ची आहे. मित्रांनो, नाक मुरडू नका; कुरकुरते जरा, पण वयोमानाने तुम्हीही कुरकुराल.

एका वेल्डरने आपल्या आईसाठी मला जुनीच विकत आणलं. आईने जन्मभर उभ्याने लोकांच्या कपड्यांना इस्त्री केली आणि शेवटी पायच गेले. मला पाहून ती म्हणाली, "चला, एकदाचं बसायला मिळालं!"

त्यांच्या खोलीचं दार अरुंद. रोज जेवायला आला की वेल्डर मला घडी घालून बाहेर काढायचा, उघडायचा, आईला उचलून बसवायचा आणि कामावर जायचा. पुढचा रस्ता ती स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत कापायची. गल्लीच्या टोकाला बागेचं मागचं गेट होतं, आणि आत तळ्याकाठी तिची थोरली बहीण वाट पाहायची. थोरली पलीकडच्या बंगल्यात स्वयंपाक करून तिथेच राहायची. तळ्याच्या पुढे तिचे गुडघे चालत नसत. दोघी घटकाभर साऱ्या जगाची उणीदुणी काढायच्या. किती हसायच्या!

मागच्या गेटातून मोटारसायकली भरधाव घुसायच्या. तशा गाड्या अडवायला बंगल्यांकडच्या मोठ्या गेटावर पहारेकरी होता. आमच्याकडे माणूस कोण ठेवणार? आमच्या वाट्याला लोखंडी खांब आले. काम वेल्डरलाच मिळालं. खांबांमधून आईची खुर्ची जायला हवी, हे तो विसरला नव्हता. घरी येऊन त्याने फीत काढली आणि मला मोजलं. पण मी तेव्हा भिंतीला टेकून, घडी घातलेली उभी होते. त्या खोलीत मला उघडायला जागाच नव्हती. ओरडावंसं वाटलं, पण खुर्चीला तोंड कुठलं?

खांब बसले. दुसऱ्या दिवशी आई कौतुकाने म्हणाली, "लेकाचं काम बघून येते." माझी चाकं खांबांवर आपटली. मागे सरून तिने पुन्हा जोर लावला. समोर, तळ्याकाठी, थोरली दिसत होती.

"ताई! अगं ए ताई!"

थोरलीला ऐकू कमी यायचं. खांब पाहून, बहीण आता तिकडूनच येईल असं वाटलं असावं; ती मान वळवून मोठ्या गेटाकडेच बघत बसली होती.

मग आईने मला वळवलं. मोठ्या गेटाजवळचा फुटपाथ गुळगुळीत आहे म्हणे, पण तिथवर आमच्या बाजूचा फुटपाथ होता. मधोमध विजेचा खांब, पुढे उघडं गटार. नाइलाजाने ती भर रस्त्यावर उतरली. मागून आलेल्या गाडीने आम्हाला उडवलं. गाडीची काच खाली झाली, आतून कुणी म्हणालं, "अशांना घरी बसवत का नाहीत?" आणि गाडी गेली.

आई त्यातून वाचली नाही.

आईचे दिवस झाल्यावर वेल्डर तळ्याकाठी गेला. थोरलीला सांगायचा धीर त्याला तोवर झाला नव्हता. मला सोबत ढकलत नेलं होतं, मोठ्या गेटाने. मला रिकामी पाहून थोरली म्हणाली, "अजून रुसलीय का रे? मागच्या भेटीत मी जरा टाकून बोलले होते. सांग तिला, चुकलं माझं." वेल्डर तिच्या पायाशी बसून लहान मुलासारखा रडला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, गेटं बांधाल, रस्ते कराल. तेव्हा मला आधी उघडा. माझ्यात कुणाची तरी आई बसवा. आणि मग मोजा.