दोन पंख्यांचं काळं कार्ड

काहीही विकत घ्यायचं तर आधी तीन कोटेशनं मागवायची आणि सगळ्यांत कमी दराचं उचलायचं, हे व्रत विश्वासरावांनी केंद्र सरकारच्या खरेदी विभागात तीस वर्षं पाळलं होतं. त्यामुळे लेकीच्या कॉम्प्युटरसाठी दुसरं ग्राफिक्स कार्ड घ्यायलाही ते दिल्लीतल्या नेहरू प्लेसच्या कॉम्प्युटर बाजारात तीन दुकानं फिरले. आधीचं कार्ड कुठलं आहे, असं दुकानदाराने विचारलं तेव्हा त्यांनी ठणकावून सांगितलं, "काला है, दो पंखेवाला." मिळालं तेही काळं आणि दोन पंख्यांचं. जोडा जमला म्हणायचा!

ही खरेदी उगाच नव्हती. सहा महिन्यांपूर्वी तनयाने नोकरी सोडून घरी स्वतःचा गेम बनवायला घेतला, तेव्हा विश्वासराव बोलून गेले होते, "खेळून कुणाचं पोट भरलंय?" तेव्हापासून लेक त्यांच्याशी साधी भांडलीही नव्हती. काही विचारलं तर "हो", "नको", "ठेवलंय". आर. के. पुरमच्या दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये तो अबोला त्यांना खायला उठायचा. मग एकदा ती फोनवर मैत्रिणीला सांगत असताना त्यांनी ऐकलं, की मशीन अडखळतंय, अजून एक कार्ड हवं होतं.

शनिवारी तनया आणि तिची आई अरुणा चादरी आणायला पानिपतला गेल्या. विश्वासरावांनी व्हिडिओ बघत बघत कॉम्प्युटर उघडला, नवं कार्ड जुन्याच्या शेजारी बसवलं, वायरी जोडल्या आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. पंखे क्षणभर फिरले आणि सगळं बंद. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. आता मात्र त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. लेकीचं सहा महिन्यांचं काम त्या डब्यात होतं आणि सोमवारी ते गुरुग्रामच्या एका कंपनीला दाखवायचं होतं. कार्ड परत काढायलाही त्यांचा हात धजेना.

संध्याकाळी तनया दारात चपला काढत असतानाच त्यांनी सांगून टाकलं, "तुझा कॉम्प्युटर मी बिघडवला गं."

ती हातातली पिशवी टाकून टेबलाखाली शिरली, नवं कार्ड उपसून काढलं, जुन्याच्या वायरी नीट बसवल्या आणि बटण दाबलं. पंखे फिरले आणि फिरतच राहिले. स्क्रीन उजळला. तिने एकेक फाइल उघडून पाहिली. सगळं जागच्या जागी होतं. अरुणाने देवापुढे साखर ठेवली आणि विश्वासराव मटकन खुर्चीत बसले.

मग लेकीच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"बाबा, तू अशक्य आहेस यार! एवढ्याशा पॉवर सप्लायवर दोन कार्डं चालतील का? आणि चालली असती तरी ही दोन वेगळ्या कंपन्यांची आहेत. नुसता रंग बघून पत्रिका जुळतात का? गेममध्ये एक दुसऱ्याला काडीची मदत करणार नाही! मला विचारायला काय झालं होतं?"

"तू बोलत कुठे होतीस?"

"तू तसं म्हटल्यावर कोण बोलणार? रडले होते मी त्या दिवशी!"

"चुकलं माझं."

"बिल्कुल चुकलं! आणि दिवाळीत मामासमोर काय म्हणालास, आठवतंय?"

त्यांना आठवत होतं. तिलाही सगळं आठवत होतं, तारीखवार.

"अगं, पुरे आता," अरुणा स्वयंपाकघरातून म्हणाली. "जेवायला बसा."

"थांब गं," विश्वासराव म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांना बरं वाटत होतं. "बोलू दे तिला."