साकुराच्या जागी उगवलेला खुंट

मित्रांनो, माझा बुंधा पाहून तुम्ही मला झाड म्हणाल आणि तसे म्हणण्यात तुमची चूक होणार नाही. मात्र मला या जमिनीत आणले ते झाड म्हणून नव्हे. मी एका रोपाला आधार देण्यासाठी ठोकलेला खुंट होतो. खुंटाने ताठ उभे राहावे, रोपाला वाऱ्यात सावरून धरावे आणि रोपाने जीव धरला की निमूटपणे चुलीत जावे, एवढेच त्याचे आयुष्य. माझ्या बाबतीत हा क्रम उलटा झाला.

माझे मूळ घर कळंब्याच्या पलीकडे, आकाराम नावाच्या शेतकऱ्याच्या बांधावर. माझी जात गिरिपुष्पाची. आमची फांदी ओल्या मातीत रोवली की तिला सहज मुळे फुटतात. म्हणून शेतकरी आम्हांला कुंपणाला लावतात आणि आमचा पाला खत म्हणून शेतात गाडतात. वसंताच्या तोंडावर आमची पाने झडतात आणि उघड्या काटक्यांवर फिकट गुलाबी फुलांचे घोस लगडतात. बांधावर ते पाहायला कोणी थांबत नाही, आणि त्याचे आम्हांला कधी दुःखही झाले नाही.

१९९८ सालच्या फाल्गुनात आकारामने मला कोयत्याने तोडले, एका टोकाला अणी काढली आणि सायकलच्या दांड्याला बांधून कोल्हापुरात आपल्या मित्राच्या घरी आणले. हा मित्र म्हणजे आबा. वारणानगरला शाळेत शिकवून ते नुकतेच निवृत्त झाले होते. कोणी चुकीचे विधान केले, तर ते खोडून काढल्याशिवाय चहाचा कप न उचलणारे असे हे गृहस्थ. त्यांच्या पत्नी पारूबाई घरात मोजके बोलत, पण त्यांचा शब्द शेवटचा असे. त्यांचा एकुलता मुलगा प्रसेनजीत एका फाउंड्रीत इंजिनिअर होता. कारखान्याने त्याला प्रशिक्षणासाठी जपानला पाठवले होते. तिथून त्याने टेपरेकॉर्डर आणला नाही, साड्या आणल्या नाहीत. आणली ती बागांची छायाचित्रे, आणि आपल्या परसात तशी बाग उभी करण्याचा ध्यास.

मी आलो तेव्हा ती बाग नुकती आकार घेत होती. काळे दगड अर्धे मातीत पुरलेले होते, जणू ते तिथूनच उगवले असावेत. त्यांच्याभोवती खाणीतली बारीक खडी पसरून प्रसेनजीत तिच्यावर लाकडी दंताळ्याने पाण्याच्या लाटांसारख्या रेघा ओढी. भिंतीच्या सावलीत त्याने विहिरीच्या काठावरचे शेवाळ आणून बसवले होते, आणि उन्हात ते करपू नये म्हणून त्यावर ओले गोणपाट अंथरले होते. एका कोपऱ्यात तळ्याचा खड्डा अर्धवट खणलेला होता. पारूबाईंना एवढी स्वच्छ, तापलेली खडी आयती मिळाली, तेव्हा त्यांनी चटणीच्या मिरच्या तिच्यावरच वाळत घातल्या. संध्याकाळी कारखान्यातून आलेला मुलगा आपल्या लाटांवर पसरलेल्या त्या लाल समुद्राकडे पाहत उभा राहिला, आणि मग मुकाट्याने मिरच्या गोळा करू लागला.

आकारामला या उद्योगाचे मोठे हसू येई. “मास्तर, दगडंच बघायची तर पन्हाळ्याला जावं की. घरात कशापायी आनायची?” असे तो आबांना म्हणाला.

त्यावर प्रसेनजीत म्हणाला, “काका, पन्हाळ्याची दगडं चहा देत न्हाईत. आई देती.”

बागेच्या मधोमध त्याला साकुरा, म्हणजे फिकट गुलाबी फुलांचे जपानी चेरीचे झाड, हवे होते. जपानात वसंत आला की त्या झाडाखाली घरेच्या घरे येऊन बसतात, असे तो आईला सांगे. हिमालयाच्या पायथ्याच्या एका रोपवाटिकेतून मित्राकरवी त्याने त्याच जातीचे एक रोप मिळवले होते. रोप कसले, करंगळीएवढी काडीच ती. आकारामने तिच्याशेजारी मला कुऱ्हाडीच्या तुंब्याने, म्हणजे पात्याच्या बोथट पाठीने, ठोकले. प्रसेनजीतने आईच्या जुन्या लुगड्याची चिंधी घेऊन ती काडी मला बांधली. गाठ सैल होती. रोपाला काचू नये म्हणून त्याने ती दोनदा सोडून पुन्हा बांधली.

नंतर तो आईला म्हणाला, “आई, ह्याला फुलं आली की तू हितंच बसायचं. कामबिम काय करायचं न्हाई.”

पारूबाई म्हणाल्या, “मग भाकऱ्या काय तुझं झाड थापनार?”

पुढच्याच महिन्यात, चैत्रात, शहरात काविळीची साथ आली. ताप आला, डोळे पिवळे झाले, आणि पंधरवडा सरायच्या आत प्रसेनजीत गेला.

मित्रांनो, त्या दिवसांत बागेकडे कोणी फिरकले नाही, आणि कोणी फिरकावे तरी कसे? गोणपाट कोरडे पडले. शेवाळ तपकिरी होऊन मातीवरून सुटले. माझ्या अंगाला टेकलेली ती काडी रोज थोडी हलकी होत गेली, आणि एका दुपारी तिच्यात काहीच उरले नसल्याचे मला त्या चिंधीतून समजले. त्याच्या नावाने पुण्यानुमोदनाचा बौद्ध विधी झाला, पाहुणे गेले, आणि नंतर वळवाचा पाऊस पडला. मला मुळे फुटली. ती फुटावीत की नाही हे मला कोणी विचारले नव्हते. चिंधीच्या वरच्या बाजूला माझ्या सालीतून पाने बाहेर आली.

पारूबाई परसात आल्या तेव्हा त्यांना चिंधीची गाठ दिसली आणि गाठीच्या वर हिरवी पाने दिसली. त्या खाली बसल्या. मुलगा गेल्यापासून त्यांनी धड अन्न घेतलेच नव्हते. आबांनी विनवले तरी चहावर दिवस ढकलत होत्या. त्या दिवशी त्यांनी त्या पानांवरून बोट फिरवले, उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि दोन भाकऱ्या थापल्या. एक त्यांनी स्वतः खाल्ली.

आबा दारात उभे होते. वाळलेली काडी कोणती आणि फुटलेला खुंट कोणता, हे त्यांना पहिल्याच नजरेत कळले होते. बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडलेही, आणि मिटले. कोणी असा आक्षेप घेईल की त्यांनी तेव्हाच खरे सांगायला हवे होते. आक्षेप रास्त आहे. परंतु तो घेणाऱ्याने त्या दिवशीची ती भाकरी पाहिलेली नाही.

दोन दिवसांनी पारूबाई बाजारात गेल्या असता आबांनी मेलेली काडी चिंधीतून अलगद ओढून काढली.

पुढची वर्षे माझ्या आयुष्यातली सर्वांत लाडाची. छायाचित्रे समोर ठेवून आबा दर वसंतात बाग थोडी पुढे नेत. कधी दगडांची पायवाट झाली, कधी बांबूचे कुंपण. खडीवरच्या रेघा पारूबाई स्वतः ओढू लागल्या. त्यांचा हात रांगोळीचा, त्यामुळे त्यांच्या लाटा मुलाच्या लाटांहून रेखीव येत. मिरच्या गच्चीवर गेल्या. संध्याकाळी त्या माझ्याशेजारी बसत आणि दिवसभराचे सगळे मला सांगत. पाणी आले नाही, शेजारच्या दीप्तीच्या लग्नाचे आमंत्रण आले, तुझे आबा पेपरवाल्याशी भांडले. त्या मला ‘बाळा’ म्हणत. मला पहिला बहर आला, तेव्हा गल्लीतल्या बायका पाहायला आल्या. गुलाबी पाकळ्या खडीवर पडलेल्या पाहून एकजण म्हणाली की हुबेहूब फोटोतल्यासारखे झाले आहे. पारूबाई त्या दिवशी स्वयंपाकघरात गेल्याच नाहीत. माझ्याखाली बसून राहिल्या.

त्या पाकळ्या माझ्याच होत्या, तरी ते कौतुक माझे नव्हते. हे मला कळत होते आणि आबांनाही. बायका बोलत असताना ते एकही विधान खोडून न काढता घरात निघून गेले.

२००४ च्या वसंतात पारूबाईंनी एक बेत केला. वस्तीतल्या विहाराच्या अंगणात बुद्धपौर्णिमेला आपल्या लेकाच्या झाडाची फांदी लावायची. त्यांनी माझी एक सरळ फांदी निवडून ठेवली आणि एक पाटी आबांपुढे ठेवली. ‘प्रसेनजीतने लावलेल्या साकुराची फांदी’ एवढेच तिच्यावर लिहायचे होते. आबा ब्रश घेऊन पायरीवर बसले. रंग ब्रशावर वाळला. रोज वंदनेच्या वेळी पत्नीच्या शेजारी बसून खोटे न बोलण्याचे शील घेणारा तो माणूस घरात सहा वर्षे गप्प राहू शकला होता. पण विहाराच्या दारात, स्वतःच्या अक्षरात खोटे लिहिणे त्याला जमेना.

शेवटी ते म्हणाले, “पारू, हे त्याचं झाड नाही.”

“मग कुनाचं?”

“आकारामच्या बांधावरचा खुंट आहे. त्याचं रोप तो गेला तेव्हाच वाळलं. मी काढलं ते.”

पारूबाईंनी माझ्याकडे पाहिले. मला वाटले, त्या रडतील किंवा आबांना बोलतील. त्यांनी एवढेच विचारले, “काढून कुठं टाकलंसा?”

आबांनी मान खाली घातली. “बंबात घातलं.”

“म्हंजे त्या पान्यानं मी न्हाले,” पारूबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

फांदी विहारात गेली नाही. पारूबाईंना खरे कळले, हे ऐकताच आकाराम कुऱ्हाड घेऊन आला. वहिनींच्या डोळ्यांसमोर मी नको, असे त्या भल्या माणसाला वाटले. पारूबाईंनी त्याला चहा दिला आणि कुऱ्हाडीसकट परत पाठवले. मला तोडले नाही. पाणीही चुकवले नाही. मात्र त्या पाणी घालत ते दुसरीकडे पाहत. शेजारी बसणे थांबले. ‘बाळा’ ही हाक थांबली. खडीवरच्या रेघा पावसाने पुसल्या आणि कोणी पुन्हा ओढल्या नाहीत. तळ्याचा खड्डा पाचोळ्याने भरला. आबा लोकांशी वाद घालीनासे झाले. मी दर फाल्गुनात फुलत राहिलो, कारण न फुलणे मला येत नाही. माझ्या पाकळ्या पडत, आणि दुपारच्या वाऱ्याने कोपऱ्यात साचत.

मित्रांनो, मी कोणाची जागा बळकावली नव्हती. ज्याला सावरायला मला उभे केले, त्याचे मरण मी सर्वांत जवळून पाहिले होते. पण ते सांगायला मला वाचा नव्हती, आणि असती तरी त्या माऊलीपुढे मी काय सांगितले असते?

अशीच काही वर्षे गेली. यंदाच्या फाल्गुनात पारूबाई कळशी घेऊन आल्या. आता त्यांना वाकताना गुडघा धरावा लागतो. त्यांनी पाणी ओतले आणि जायला वळल्या. मग थांबल्या, मान वर करून माझ्या बहराकडे त्यांनी पाहिले, आणि दारात आलेल्या अनोळखी माणसाला विचारावे तसे मला विचारले, “पावणं, बास का आनि घालू?”

उत्तराची थोडी वाट पाहून त्यांनी उरलेली कळशी माझ्या बुडाशी रिकामी केली.

तुमच्याही अंगणात न लावलेले काही उगवेल. ते कोणाच्या जागी उगवले, हा प्रश्न तुम्ही अवश्य विचारा, तो विचारण्याचा तुम्हांला अधिकार आहे. एवढेच करा, की तो विचारण्याआधी त्याला पाणी घाला.